उतरण्याची जागा

शास्त्रपाठ : लूक २:१-२०

डिसेंबर महिना लागला की ख्रिस्ती घरातील गृहिणी मनात दोन याद्या करू लागते. पहिली फराळाची : करंज्या, शंकरपाळे, चकल्या, केकसाठी आणावयाचे मनुके. ती कागदावर उतरते, दुकानदाराकडे जाते आणि पुरी होते. दुसरी यादी सहसा कागदावर येत नाही. कोण कोण येणार, किती दिवस राहणार, कोणाच्या गुडघ्यांना जमिनीवरची गादी सोसणार नाही, कोणा दोघांना एका खोलीत निजवणे शहाणपणाचे नाही, ही ती यादी. व्यासपीठावरून तिच्याविषयी आपण कधी ऐकत नाही. प्रस्तुत पाठात मी तिच्याविषयीच लिहिणार आहे; कारण लूकच्या शुभवर्तमानातील नाताळाचे सर्वांत परिचित वचन, दुसऱ्या अध्यायातील सातवे, मुळात ह्याच प्रश्नाशी निगडित आहे. घर भरलेले असता आणखी माणसांना कोठे ठेवावयाचे?

माझे बालपण इटारसीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे अंगण. नाताळात मिरजेची आत्या, कोल्हापूरकडचे मामा, झाशीचे काका, सर्व आमच्याकडे उतरत. एका वर्षी आम्ही सतरा जण होतो. पुरुष पुढच्या खोलीत, बायका आत, आणि मुले जेथे झोप लागेल तेथे. वडील रात्रपाळी संपवून पहाटे घरी आले, तेव्हा त्यांना पाऊल ठेवावयास जागा सापडेना. ते ओसरीवरच्या खुर्चीत कोट पांघरून बसल्या बसल्या निजले. ह्याची तक्रार कोणी केल्याचे मला आठवत नाही. आईने मनात केली असेल.

त्याच वर्षी संडेस्कूलच्या नाटिकेत माझ्या मामेभावाला उतारशाळेच्या मालकाचे काम मिळाले होते. डोक्याला पंचा, हातात कंदील आणि एकच वाक्य : जागा नाही. ते त्याने असे दरडावून म्हटले की मरीया झालेली मुलगी खरोखरच रडू लागली. ती नाटिका आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा पाहिलेली आहे. रात्रीची वेळ, कडाक्याची थंडी, गाढवावर बसलेली अवघडलेली मरीया, दारोदार फिरणारा योसेफ, निष्ठुर मालक आणि शेवटी गावाबाहेरचा गोठा.

आता शास्त्र उघडून वचने ४ ते ७ सावकाश वाचावीत. गाढव तेथे नाही. थंडी नाही. मालक नाही. गोठा हा शब्दही नाही. केवळ गव्हाणी आहे. आणि ज्या रात्री ती दोघे गावात पोहोचली त्याच रात्री बाळ जन्मले असेही लूक म्हणत नाही. सहाव्या वचनाप्रमाणे त्यांचा तेथे मुक्काम असताना मरीयेचे दिवस भरले; तो मुक्काम काही दिवसांचा असेल, काही आठवड्यांचाही असेल. बैल व गाढव आपल्या चित्रांत आले ते बहुधा यशया १:३ वरून. तेथे बैल आपल्या धन्याला व गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखते, इस्राएल मात्र ओळखत नाही, असा संदेष्ट्याचा विलाप आहे. मंडळीने पुढे तो धागा बेथलेहेमच्या गव्हाणीशी जोडला. त्यात वावगे काही नाही. परंतु ते लूकचे निवेदन नव्हे.

राहिला प्रश्न ‘उतारशाळा’ ह्या शब्दाचा. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘कतालुमा’. तो ‘कतालुओ’ ह्या क्रियापदापासून झाला आहे. त्याचा मूळ अर्थ सोडणे, सैल करणे. प्रवासी मुक्कामाला आला की ओझे सोडतो, जनावरांचे दोर सोडतो. त्यावरून ‘मुक्काम करणे’ हा अर्थ आला. मराठीत आपण नेमके ह्याच अर्थाने ‘उतरणे’ म्हणतो. ‘पुण्यात कोणाकडे उतरलात?’ ह्या प्रश्नाचे उत्तर लॉज असू शकते, तसेच मावशीचे घरही असू शकते. लूकने हे क्रियापद १९:७ मध्ये वापरले आहे. येशू जक्कयाच्या घरी उतरला म्हणून लोक तेथे कुरकुर करतात. तो खाणावळीत उतरला नव्हता हे उघड आहे. तेच नाम २२:११ मध्ये पुन्हा येते. येशू शिष्यांसह वल्हांडणाचे भोजन कोठे करणार, असे ज्या घरधन्याला विचारावयाचे होते, त्याच्या घरातील ती खोली. तेथे मात्र धर्मशाळा असा अर्थ करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

उलटपक्षी, पैसे देऊन राहण्याच्या जागेसाठी लूकजवळ निराळा शब्द होता. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात (१०:३४-३५) तो ‘पान्दोखेयोन’ म्हणतो. ज्याच्या हाती दोन दीनार दिले तो मालकही तेथे आहे. म्हणजे आपल्या नाटिकेतील कंदीलवाला गृहस्थ आहे खरा, पण तो यरीहोच्या वाटेवर आहे, बेथलेहेमात नाही!

अभ्यासू वाचकांना सांगणे प्रामाणिकपणाचे होईल की ‘कतालुमा’ हा शब्द व्यापक आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात निर्गम ४:२४ येथे मोशेच्या वाटेवरील मुक्कामालाही तोच शब्द योजलेला आहे. तेव्हा उतारशाळा हा अर्थ अशक्य नव्हे. तरीही योसेफ दाविदाच्या कुळातला आणि दाविदाच्याच गावी आलेला. तेथे त्याचे कोणी भाऊबंद नसावेत, ही कल्पना आपल्यासारख्या लोकांना तरी पटू नये. गावात चुलत घराणे असताना माणूस लॉजमध्ये उतरला, तर त्याची चर्चा पुढील तीन लग्नांत होते.

मग गव्हाणी घरात कशी? ह्याचे उत्तर मला ग्रंथात सापडण्यापूर्वी आजोळी सापडले होते. कोल्हापूर जिल्ह्यातील त्या घरात उंबरा ओलांडला की डाव्या हाताला हातभर खालच्या पातळीवर दोन म्हशी व एक बैलजोडी दावणीला असे. उजवीकडे दोन पायऱ्या चढल्या की सोपा. तेथेच जेवणे, तेथेच निजणे. रात्री म्हशीच्या रवंथीचा आवाज ऐकत आम्ही झोपत असू. थंडीत त्या जनावरांची ऊब सोप्यापर्यंत येई. पॅलेस्टाइनातील साध्या शेतकऱ्याचे घरही पुष्कळसे असेच असे : एकच मोठी खोली, दाराजवळच्या सखल भागात रात्रीपुरती जनावरे, वरच्या ओट्यावर कुटुंब, आणि ओट्याच्या कडेला जनावरांना तोंड घालता येईल अशा गव्हाणी. एन-दोर येथील स्त्रीचे पोसलेले वासरू घरातच होते (१ शमुवेल २८:२४). लूक १३:१५ मध्ये येशू शब्बाथ दिवशी बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेण्याचा उल्लेख करतो, तो रोजच्या घरगुती कामाचा म्हणून. ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्यावर हरकत घेत नाही.

मध्यपूर्वेत अनेक वर्षे राहून अध्यापन केलेले विद्वान केनेथ बेली ह्यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा अर्थ विस्ताराने मांडला आहे. त्यांचा एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. मेंढपाळ येतात, बाळ पाहतात आणि आनंदाने परत जातात. बाळ-बाळंतीण उघड्यावर पडलेली दिसली असती, तर त्यांनी त्यांना उचलून आपल्या घरी नेले असते. त्यांनी तसे केले नाही, कारण जे दिसले ते योग्यच होते. इंग्रजीतील न्यू इंटरनॅशनल व्हर्शनने २०११ च्या सुधारित आवृत्तीत जुना शब्द काढून ‘पाहुण्यांची खोली’ ह्या अर्थाचा शब्द घातला. सर्वांना हे मान्य आहे असे नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर ह्यांनी बाळ गावाजवळच्या गुहेत जन्मल्याचे लिहिले, आणि बेथलेहेमचे प्राचीन मंदिर आजही गुहेवरच उभे आहे. परंतु त्या डोंगराळ भागात गुहेला लागूनही घरे बांधीत. तेव्हा गुहा आणि घर ह्यांत विरोध मानण्याचे कारण मला दिसत नाही.

आता वचन १८ पाहावे. ह्या वचनापाशी वाचक बहुधा थांबत नाहीत. मेंढपाळांनी जे सांगितले ते ऐकणाऱ्या सर्वांना आश्चर्य वाटले, असे लूक लिहितो. हे ‘सर्व’ कोण? मरीयेचा उल्लेख पुढील वचनात स्वतंत्रपणे आहे. त्या खोलीत, निदान तिच्या दारात, आणखी माणसे होती. घरची आजी असेल, सुना असतील, झोपमोड झालेली मुले असतील, पाहुण्यांच्या खोलीत आधीच उतरलेले दुसरे नातलग असतील. लूक त्यांची नावे देत नाही. प्रसूतीच्या वेळी कोणी जवळ होते की नाही, हेही तो लिहीत नाही. तथापि प्रभूचा जन्म एका भरलेल्या घराच्या मधल्या खोलीत, माणसांच्या वर्दळीत झाला, असे मानण्यास वचनात पुरेसा आधार आहे. वरची किंवा बाजूची खोली भरली होती, म्हणून कोणीतरी आपली रोजची जागा आवरून दिली. लेवीय १२ प्रमाणे बाळंतीण सात दिवस अशुद्ध मानली जाई. त्या नियमाखाली राहणाऱ्या घराने आपली वावरण्याचीच खोली द्यावी, ह्याचा अर्थ घरातल्या बायकांनी किती गैरसोय पत्करली असेल, ह्याचा विचार वाचक भगिनी अधिक चांगला करू शकतील.

हे सर्व मी टिपणवहीत व्यवस्थित लिहिले होते. साल २०११. त्याच डिसेंबरात मिरजेहून आत्यांचा फोन आला. एव्हाना त्या विधवा झाल्या होत्या, वय पंचाहत्तरीच्या पुढे. महाराष्ट्र एक्सप्रेसचे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे म्हणून त्यांनी फोन केला होता. आमची नागपूरची सदनिका तीन खोल्यांची. त्या वर्षी धाकटे दीर दुबईहून सहकुटुंब येणार होते आणि पाहुण्यांची खोली त्यांच्यासाठी रंगवून ठेवली होती. आत्या रात्रभर खोकत. पहाटे चारला उठून मोठ्याने प्रार्थना करीत. जाऊबाईंना काय वाटेल, हा विचार माझ्या मनात होता, हे मी नाकारणार नाही.

मी म्हटले, “आत्या, ह्या वर्षी जागेची जरा अडचण आहे हो.”

त्या म्हणाल्या, “अगं, मी खोली कुठं मागतेय? एक वाकळ टाकलीस तरी पुरे.”

ह्यावर मी काहीतरी सबब सांगितली. कोणती, ते आठवते. लिहिण्याची लाज वाटते. “बरं बाई, पुढच्या वर्षी बघू,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी मेजाकडे परतले तेव्हा वही लूक २:७ वरच उघडी होती. इटारसीला ह्याच आत्यांच्या कुशीत मी निजले होते; आणि मामेभावाचे दरडावलेले एकच वाक्य आता मी अतिशय गोड आवाजात म्हटले होते. पाहुण्यांच्या खोलीत जागा नव्हती, हे खरेच होते. घरात जागा नव्हती, हे खरे नव्हते. बेथलेहेमच्या त्या घराला ह्या दोन गोष्टींतील फरक कळला होता.

त्या नाताळाच्या उपासनेत मी गायनमंडळात उभी होते, फराळाची ताटे शेजारी सात घरी गेली, आणि पाहुण्यांना काही कमी पडले नाही. आत्यांनी मिरजेत नाताळ कसा काढला हे मी विचारले नाही.

पुढील वर्षी मी ऑक्टोबरातच स्वतः तिकीट काढून पाठविले. त्या आल्या. दिवाणखान्यातील दिवाण त्यांच्यासाठी मोकळा केला होता, पण नागपूरची थंडी त्यांना सोसेना. त्यांनी आपली वाकळ स्वयंपाकघरात नेली. त्यामुळे सकाळचा पहिला चहा त्यांना ओलांडून करावा लागे. घरातील मंडळींची कुरकुर झाली. मीही एकदा चिडले. गर्दीच्या घरात सर्व काही गोडीगुलाबीने चालते, असे मी सुचवीत नाही. काम वाढते, आणि ते बहुतेक बायकांवरच वाढते. नाताळाच्या उपासनेत मागच्या बाकांवर डुलक्या घेणाऱ्या भगिनी दिसल्या, तर पाळकांनी त्यांना जागे करू नये. त्यांच्या यजमानांनी त्या दिवशीची भांडी घासावीत. आत्या त्यानंतर तीन नाताळ आमच्याकडे होत्या.

भाषांतरकार म्हणून मला विचारतात, मग ‘उतारशाळा’ हा शब्द बदलावा का? मंडळीच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला शब्द काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागतो. आजीने पाठ केलेले वचन नातवाच्या पुस्तकात सापडेनासे होते. माझे मत ‘उतरण्याची जागा’ ह्या शब्दप्रयोगाकडे झुकते. त्यात धर्मशाळाही बसते आणि मावशीचे घरही. मूळ शब्दाची व्यापकता राहते. ज्यांना तेही धाडस वाटेल, त्यांनी जुना शब्द ठेवून तळटीप तरी द्यावी.

घरोघरच्या कौटुंबिक प्रार्थनेत हा पाठ घ्यावयाचा असल्यास वचने ६, ७ आणि १८ एकामागून एक वाचावीत, आणि त्या खोलीत किती माणसे असतील हे मुलांना मोजावयास सांगावे. मुले मोठ्यांपेक्षा अधिक माणसे मोजतात, असा माझा अनुभव आहे. मग घरात ह्या वर्षी कोण कोठे निजणार, ती दुसरी यादी सर्वांसमोर काढावी आणि मुलांनाही तिच्यात बोलू द्यावे. फोन कोणाला करावयाचा राहिला आहे, हेही त्याच वेळी ठरवावे.

संडेस्कूलच्या नाटिकेचे काय करावे, हे ज्याचे त्याने पाहावे. गेल्या वर्षी आमच्या मंडळीत मी सुचविले की मालकाऐवजी घरची आजी दाखवू. ती दार उघडील आणि म्हणेल, ती खोली भरली आहे, तुम्ही आत आमच्यात या. शिक्षिकांना ते आवडले. मालकाचे काम ज्याला आधीच मिळाले होते तो मुलगा मात्र कंदील सोडावयास तयार होईना. शेवटी त्याला आजीचा नातू केले, आणि कंदील त्याच्याच हाती राहिला.