मैदान त्यांचेही आहे
मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी सायकल आणि धावणे

शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात एक दृश्य पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते. चुन्याने पट्ट्या आखलेल्या असतात, शिट्टी वाजते, मुले धावत सुटतात. आणि मैदानाच्या कडेला, झाडाच्या सावलीत, खुर्चीवर बसविलेला एक विद्यार्थी टाळ्या वाजवीत असतो. त्याचे पाय ताठ असतात, चालताना त्याचा तोल जातो. त्याला त्रास होऊ नये, तो पडू नये, म्हणून शिक्षकांनी त्याला तेथे बसविलेले असते. या काळजीमागील हेतू चांगलाच असतो. परंतु तिच्यामुळे त्या मुलाचे जे नुकसान होते, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या नुकसानीचे स्वरूप काय आणि ते टाळण्यासाठी शाळा व ग्रामपंचायत काय करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विकाराचे स्वरूप

मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, हा स्नायूंचा किंवा हाडांचा मूळ विकार नव्हे. गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि त्यामुळे हालचालींवरील नियंत्रण बिघडते. अकाली प्रसूती, जन्मतः अत्यल्प वजन, प्रसूतीच्या वेळी प्राणवायूचा अभाव, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ आणि मेंदूला होणारा जंतुसंसर्ग ही त्याची काही कारणे होत. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे दोन ते तीन मुलांत हा विकार आढळतो. बहुतेक मुलांमध्ये स्नायूंचा ताठरपणा हे प्रमुख लक्षण असते. काहींमध्ये अनैच्छिक हालचाली, तर थोड्यांमध्ये तोल सांभाळण्यातील अडचण प्रामुख्याने दिसते.

या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, मेंदूला झालेली इजा पुढे वाढत जात नाही. मात्र तिचे शरीरावरील परिणाम वयाबरोबर वाढू शकतात. दुसरी अशी की, बोलणे अस्पष्ट असले म्हणजे बुद्धी मंद असते, असे नाही. या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांना बौद्धिक अक्षमता नसते. तेव्हा कडेला बसलेल्या मुलाला, आपल्याला कडेला बसविले आहे, हे पुरते समजत असते.

सर्व मुलांची क्षमता सारखी नसते. १९९७ साली कॅनडातील तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेली पाच स्तरांची वर्गवारी आज जगभर वापरली जाते. पहिल्या स्तरातील मूल आधाराशिवाय चालते व पळते. तिसऱ्या स्तरातील मूल हातात धरण्याच्या साधनाच्या आधाराने चालते. पाचव्या स्तरातील मुलाला मान व धड सावरण्यासही मदत लागते. साधन निवडताना मुलाचा स्तर प्रथम जाणून घ्यावा लागतो.

बसून राहण्याची किंमत

चालताना या मुलांना इतरांच्या दुप्पट ते तिप्पट शक्ती खर्च करावी लागू शकते. मूल लवकर दमते; दमते म्हणून कमी हालते; कमी हालते म्हणून हृदय, फुप्फुसे आणि स्नायू दुर्बळ होतात; आणि दुर्बळ झाल्यामुळे ते आणखी लवकर दमते. हे चक्र शालेय वयात सुरू होते. पौगंडावस्थेत उंची व वजन वाढले की, लहानपणी चालू शकणारी काही मुले चालणे सोडून देतात. ज्या मुलांच्या पायांवर शरीराचा भार पडत नाही, त्यांची हाडे ठिसूळ होण्याचा धोकाही असतो.

जोर लावून व्यायाम केल्यास स्नायूंचा ताठरपणा वाढतो, अशी समजूत उपचारतज्ज्ञांमध्येही अनेक वर्षे प्रचलित होती. पुढील संशोधनात ती निराधार ठरली. योग्य रीतीने दिलेल्या बलवर्धक व्यायामाने ताठरपणा वाढत नाही, हे आता मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते सतरा वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांसाठीही दररोज सरासरी साठ मिनिटांच्या मध्यम ते जोरकस हालचालींची शिफारस केली आहे. ज्याला चालता येत नाही, त्याने हे कसे साधावे? याचे उत्तर साधनात आहे.

मुलाच्या मापाची सायकल

साध्या सायकलीवर तोल, दिशा आणि गती ही तिन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. तीन चाकांच्या अनुकूलित सायकलीत तोलाचा प्रश्न बराच हलका होतो आणि शरीराचा भार आसनावर येतो. मग पायांना एकच काम उरते : आळीपाळीने वाकणे आणि सरळ होणे. ताठ पायांच्या मुलाला हीच हालचाल चालताना कठीण जाते.

अशा सायकलीत पुढील सोयी असाव्यात. मागील दोन चाकांमधील अंतर पुरेसे असावे, म्हणजे वळणावर ती कलंडणार नाही. आसनाला पाठ असावी आणि कमरेला रुंद पट्टा असावा. धड सावरत नसल्यास छातीलाही आधार द्यावा. पायडलावर टाच व चवडा धरून ठेवणारी सपाट पावले बसवावीत. हँडल मुलाच्या पकडीप्रमाणे उंच किंवा जवळ घेता यावे. दातेरी चक्रांचे प्रमाण असे असावे की, थोड्या जोरानेही चाक फिरेल. मागे मोठ्या माणसाला धरण्यासाठी दांडा असावा आणि ब्रेक त्याच्याही हाती असावा. काही मुलांना फ्रीव्हील नसलेली सायकल सोयीची पडते. एक पाय अडला तरी फिरते पायडल त्याला पुढे नेते. मात्र अशा सायकलीत चाक फिरत असेतो पायही फिरत राहतात. त्यामुळे चांगला ब्रेक व मोठ्या माणसाची सोबत अनिवार्य समजावी.

शासकीय योजनांतून मिळणारी हाताने चालवावयाची तीनचाकी आणि ही सायकल यांत फरक आहे. पहिली ये-जा करण्याचे साधन आहे आणि ज्यांचे हात बळकट आहेत, त्यांना ती उपयोगी पडते. मेंदूच्या पक्षाघातात बहुधा हातांवरही परिणाम झालेला असतो. शिवाय तिच्यात पायांना काहीच काम मिळत नाही.

डेन्मार्कमधील प्रयोग

ज्यांना पायडल मारणेही जमत नाही, त्यांच्यासाठी डेन्मार्कमध्ये १९९१ च्या सुमारास एक निराळे साधन तयार झाले. चाकांच्या खुर्चीच्या शर्यतीतील नामवंत खेळाडू कॉनी हॅन्सन आणि त्यांचे सहकारी मन्सूर सिद्दिकी यांनी ते विकसित केले. तीन चाकांच्या या चौकटीला पायडल नसते. मूल खोगिरासारख्या आसनावर बसते, छाती पुढील गादीवर टेकवते, हात हँडलवर ठेवते आणि पाय जमिनीवर रोवून स्वतःला पुढे रेटते. पडण्याची भीती सरते आणि पाय धावू लागतात. या क्रीडाप्रकाराला प्रथम रेसरनिंग म्हणत. आता तो फ्रेम रनिंग या नावाने ओळखला जातो. २०१९ साली दुबई येथे झालेल्या जागतिक पॅरा ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत त्याच्या शंभर मीटर शर्यतीचा समावेश होता.

स्वीडनमध्ये पंधरा मुलामुलींना व तरुणांना या चौकटीवर बारा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा सराव देण्यात आला. सहा मिनिटांत त्यांनी कापलेले अंतर सरासरीने सुमारे एक तृतीयांशाने वाढले आणि पोटरीचा स्नायूही जाड झाल्याचे आढळले. हा अभ्यास लहान असल्याने त्यावरून मोठे दावे करणे योग्य होणार नाही. धावण्याने मेंदूची इजा भरून येत नाही. परंतु इजा तशीच राहूनही हृदय व स्नायू सबळ होऊ शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

शाळेत आरंभ कसा करावा

आरंभ वैद्यकीय तपासणीने करावा. या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या खुब्याचा सांधा जागेवरून सरकतो. म्हणून खुब्याची तपासणी झाल्याखेरीज मुलाला साधनावर बसवू नये. चारपैकी सुमारे एका मुलाला अपस्माराचा त्रास असतो. त्याच्या औषधांची माहिती शिक्षकाजवळ असावी. आसनाची उंची, पट्टे व पावले यांचे माप भौतिकोपचारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. मूल वाढते, म्हणून दर सहा महिन्यांनी माप पुन्हा पाहावे.

पहिल्या आठवड्यात सपाट जागी पाच मिनिटे पुरेशी आहेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस सराव ठेवून वेळ हळूहळू वाढवावा. डोक्यावर हेल्मेट असावे. ऊन टाळावे आणि पाणी वारंवार द्यावे. सराव संपल्यावर पट्ट्याखालील त्वचा पाहावी. लाली लवकर न गेल्यास पट्टा बदलावा. थकवा येणे स्वाभाविक आहे. परंतु सांध्यात वेदना होत असल्यास सराव थांबवून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

प्रगती मोजण्यास यंत्र लागत नाही. मैदानावर दहा-दहा मीटरवर चुन्याच्या खुणा कराव्यात आणि सहा मिनिटांत मूल किती अंतर जाते, ते महिन्यातून एकदा वहीत नोंदवावे. त्या मुलाची तुलना इतर मुलांशी नव्हे, तर त्याच्याच मागील महिन्याच्या नोंदीशी करावी.

कायदा आणि आपली जबाबदारी

दिव्यांग मुलांचा खेळ हा कोणाच्या दयाबुद्धीचा विषय राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांच्या दिव्यांगत्वात मेंदूच्या पक्षाघाताचा समावेश आहे. याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. कलम ३० मध्ये दिव्यांगांच्या क्रीडाविषयक उपक्रमांची तरतूद आहे.

महाराष्ट्रात या मुलांसाठी झालेल्या कार्याला मोठी परंपरा आहे. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि या मुलांना शिकविता येते, हे दाखवून दिले. शिक्षणाच्या बाबतीत शहरात जे सिद्ध झाले, ते खेळाच्या बाबतीत गावोगावी पोहोचावयाचे आहे.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करतात. त्यांच्याकडून मुलाला पुढील तपासणीसाठी पाठविता येते. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक मुलाची क्षमता जाणतात. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. तीतून शाळेसाठी एक अनुकूलित सायकल घेता येईल काय, याचा विचार ग्रामसभेत व्हावा. तज्ज्ञाने माप दिल्यास तीनचाकीला पाठ, पट्टे व पावले बसविण्याचे काम सायकल दुरुस्ती व वेल्डिंग करणारे कुशल कारागीर करू शकतील. मैदानाच्या प्रवेशाची पायरी काढून तेथे उतार करणे आणि पन्नास मीटरची एक पट्टी खडे वेचून दाबून घेणे, हे तर श्रमदानानेही होण्यासारखे आहे.

पुढील क्रीडामहोत्सवाची पत्रिका तयार करताना मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने एक प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्या पटावरील कोणते मूल या पत्रिकेत नाही? त्या मुलासाठी एक पट्टी आखली आणि त्याच्या मापाचे साधन त्या पट्टीवर उभे केले, तर झाडाखालची ती खुर्ची रिकामी होईल.