पुढे किती वेळ राहावे? सायकल-संघाचा एक पाठ



सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकटा स्वार येतो. पाठ वाकलेली, नजर समोर आणि बाकीचे सगळे मागे. वर्तमानपत्रात छायाचित्रही त्या एकट्याचेच छापून येते. प्रत्यक्षात रस्त्यावरची सायकल शर्यत हा कबड्डीइतकाच संघाचा खेळ आहे. या पाठात आपण अशा एका संघाची ओळख करून घेऊ, ज्यात पगारी खेळाडू एकही नसतो. पस्तिशी, पन्नाशी, साठी ओलांडलेली ही हौशी माणसे आठवडाभर नोकरी-धंदा सांभाळतात आणि सुटीच्या दिवशी क्लबचा सदरा घालून एकत्र शर्यतीत उतरतात.

१. 'मास्टर्स' म्हणजे कोण?

युरोप व अमेरिकेत गावोगावी सायकल क्लब आहेत. तेथे साधारण पस्तिशीपुढच्या स्पर्धकांना 'मास्टर्स' म्हणतात. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पंचविशीच्या तरुणाशी झुंजावे लागू नये, म्हणून पाच किंवा दहा वर्षांचे वयोगट करतात.

वयाला वरची मर्यादा मात्र नाही. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांचा जन्म १९११ चा. तरुणपणी त्यांची सायकल सुटली होती, ती त्यांनी साठी उलटल्यावर पुन्हा हाती घेतली. २०१२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात २४.२५१ कि.मी. अंतर कापले. पुढे अभ्यासकांच्या देखरेखीखाली सराव करून २०१४ मध्ये तेच अंतर त्यांनी २६.९२७ कि.मी. वर नेले. २०२१ मध्ये, १०९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

२. खरा प्रतिस्पर्धी : हवा

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. विज्ञानाच्या तासाला शिकलेला नियम येथे आठवावा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ३० वरून ३६ कि.मी. वर जायचे म्हणजे वेग १.२ पट. १.२ चा घन करून पाहा. उत्तर येते १.७२८. म्हणजे वेगात २० टक्के वाढ हवी असेल, तर हवेशी झुंजण्यासाठी सुमारे ७३ टक्के जास्त शक्ती लागते!

यावर उपाय एकच, दुसऱ्याच्या आडोशाने जाणे. पुढच्या सायकलच्या अगदी जवळ मागे राहिले की हवेचा रोध साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होतो. मोठ्या घोळक्यात हा लाभ किती होतो, याचा अभ्यास नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. १२१ स्वारांच्या घोळक्यात मधोमध असणाऱ्याला, त्याच वेगाने एकट्याने जाणाऱ्याच्या मानाने, अवघा ५ ते १० टक्के रोध सोसावा लागतो. आणखी एक गमतीची गोष्ट म्हणजे, मागे कोणी असले तर पुढच्याचा रोधही दोन-अडीच टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. म्हणजे मागचा केवळ फुकटचा लाभ घेत नाही, थोडी परतफेडही करतो.

आता चार जणांचे गणित करू. समजा पुढच्याला १०० एकक शक्ती लागते आणि मागच्या तिघांना प्रत्येकी ७०. चौघांनी सारखा वेळ पुढे काढला, तर प्रत्येकाचा सरासरी खर्च ३१० भागिले ४, म्हणजे ७७.५ एकक. ही वाचलेली शक्ती वेगात घातली तर वेग सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. एकटा ताशी ३३ कि.मी. ने जाणारा माणूस तेवढ्याच श्रमात संघाबरोबर ताशी ३६ ने जाईल. ४० कि.मी. च्या अंतरात सहा मिनिटे वाचतील. पाय तेच, सायकल तीच. बदलली ती फक्त सोबत.

३. रांगेचे चार नियम

हा लाभ आपोआप मिळत नाही. चाकाला चाक लावून चालणे हे कौशल्य आहे आणि क्लबमध्ये ते नव्या सभासदाला पहिल्यांदा शिकवले जाते.

पहिला नियम : पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही. नवखा माणूस पुढची पाळी आली की जोशात येतो आणि जोरात पायडल मारतो. त्याला वाटते आपण संघासाठी किती करतो आहोत! मागे मात्र रांग तुटते आणि नुकताच पाळी संपवून मागे आलेला, आधीच दमलेला सोबती सुटून जातो.

दुसरा नियम : थकण्याआधी बाजूला व्हायचे. पुढची पाळी संपली की स्वार बाजूला होऊन वेग किंचित कमी करतो, रांग त्याच्या शेजारून पुढे जाते आणि तो शेपटाला लागतो. तेथे पोहोचताच त्याला पुन्हा थोडा जोर लावून शेवटच्या चाकाचा आडोसा पकडावा लागतो. हाच सर्वांत कठीण क्षण. ज्याने अभिमानापोटी शेवटचा दम पुढेच खर्च केला, त्याच्याकडे या क्षणासाठी काहीच उरत नाही. तो मागे राहतो आणि चौघांचा संघ तिघांचा होतो. पन्नाशीनंतर दम परत यायलाही वेळ लागतो, म्हणून मास्टर्स संघात पाळ्या लहान ठेवलेल्या बऱ्या.

तिसरा नियम : ताकद कमी असेल तर कमी वेळ पुढे राहावे, कमी वेगाने नव्हे. बलवान माणूस एक मिनिट पुढे काढेल, दुसरा पंधरा सेकंद काढेल. दोघांचा वेग मात्र एकच हवा. एखाद्या दिवशी पंधरा सेकंदही जमत नसतील तर तसे स्पष्ट सांगून मागे राहावे. त्यात कमीपणा नाही. न सांगता रांग मंदावणे हा दोष आहे.

चौथा नियम : पुढच्याने मागच्यांचे डोळे व्हायचे. मागच्याला समोरचा रस्ता दिसत नाही. खड्डा, खडी, वळण, थांबलेले वाहन, हे सारे पुढच्याने हाताच्या खुणेने किंवा आवाज देऊन सांगायचे. मागच्यानेही आपले पुढचे चाक सोबत्याच्या मागच्या चाकाच्या बाजूने पुढे घुसवायचे नाही. चाकाला चाक घासले की पडतो बहुधा मागचाच, आणि त्याच्यामागचे सगळे त्याच्यावर.

४. घड्याळ तिसऱ्यावर थांबते

ऑलिंपिकमध्ये १९६० ते १९९२ पर्यंत चौघांच्या संघाची १०० कि.मी. ची घड्याळी शर्यत होती. तीत वेळ मोजली जाई ती तिसऱ्या स्वाराची. लाकडी धावपट्टीवरच्या ४ कि.मी. च्या सांघिक पाठलागातही आज हाच नियम आहे.

विचार करा, हा नियम किती शहाणपणाचा आहे! पहिला कितीही आधी पोहोचला तरी उपयोग नाही. संघातला सर्वांत बलवान खेळाडू आपल्या बळाचे काय करतो, तर तिसऱ्याला आडोसा देतो. एकाला मागे सोडण्याची सवलत आहे, दोघांना सोडण्याची नाही.

५. पगाराविना त्याग

रस्त्यावरच्या खुल्या शर्यतीत क्लबचे डावपेच वेगळे असतात. एक जण निसटून पुढे जातो. त्याचे सोबती घोळक्यात राहतात, पण पाठलागाला हातभार लावत नाहीत. पाठलाग करून दमतात ते इतर क्लबचे लोक. निसटलेला सापडलाच, तर ताजातवाना दुसरा सोबती निघतो. शेवटच्या काही शे मीटरवर एक जण पूर्ण जोर लावून आपल्या वेगवान सोबत्याला आडोसा देतो आणि अंतिम रेषेच्या अलीकडे बाजूला होतो. निकालात सोबत्याचे नाव पहिले, याचे चाळिसावे.

व्यावसायिक संघात अशा खेळाडूला फ्रेंच भाषेत 'दोमेस्तीक', म्हणजे घरगडी, म्हणतात. त्याला त्याचा पगार मिळतो. हौशी मास्टर्स क्लबमध्ये पगार नाही, करार नाही. तेथे असतो तो एकच हिशेब : या रविवारी तुझ्यासाठी, पुढच्या रविवारी माझ्यासाठी. तो कोठे लिहिलेला नसतो, पण प्रत्येकाच्या लक्षात असतो. दर वेळी आडोशाला बसून शेवटी पुढे पळणारा एखादी शर्यत जिंकेलही. नंतर त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायला कोणी उरत नाही.

६. नाशिकचे दोन भाऊ

युरोप-अमेरिकेतली ही संघाची रीत आपल्या मराठी माणसांनाही परकी नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० कि.मी. ची शर्यत होते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाच्या गटात ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. संघांना मुदत असते नऊ दिवसांची. अशी कामगिरी करणारा हा पहिला भारतीय संघ. दोघेही व्यवसायाने डॉक्टर, वय चाळिशीच्या आसपास.

येथे रांग नव्हती, पाळी होती. एक रस्त्यावर, दुसरा गाडीत विश्रांतीला. वाहन चालवणारे, रस्ता सांगणारे, खाणे-पिणे पाहणारे सहकारी रात्रंदिवस सोबत. आपली पाळी संपल्यावर 'अजून थोडे मीच चालवतो' हा मोह आवरून झोपणे, हेही तेथे कामच असते. न झोपलेला माणूस पुढच्या पाळीला निकामी ठरतो.

७. पालकांसाठी दोन शब्द

२०१८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे सायकल चालवणाऱ्या या स्त्री-पुरुषांचे स्नायू वयाच्या मानाने उत्तम टिकले होते आणि त्यांच्या रोगप्रतिकार व्यवस्थेची काही लक्षणे तरुणांसारखी आढळली. अर्थात हे फळ नियमितपणाचे आहे, एका रविवारच्या उत्साहाचे नाही. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेल्मेट घालावे आणि पहिले काही महिने शर्यतीचे नाव काढू नये.

८. आपल्या शाळेसाठी

क्रीडादिनी आपण नाव पुकारतो ते पहिल्याचे. ते योग्यच आहे. पण चौथी 'ब' मधला जो मुलगा आपला वेग कमी करून मित्राला सोबत घेऊन धावला, त्याची नोंद कोठेच होत नाही. म्हणून माझा प्रस्ताव आहे की येत्या क्रीडादिनी प्रत्येक वर्गाने चौघांचा संघ करून मैदानाच्या दोन फेऱ्या धावाव्यात आणि वेळ तिसऱ्याची धरावी. पाहू या, बलवान मुले काय करतात ते.

मोठ्यांसाठीही यात विचार करण्यासारखे आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणे म्हणजे सतत समोरून वारा घेणे. आमच्या पिढीने आपल्या परीने पुढची पाळी निभावली. आता मागून येणारा हळू वाटतो, म्हणून आपण बाजूला होत नाही. पण त्याला पुढे राहण्याची सवय लागणार कधी? आणि बाजूला होणे म्हणजे घरी जाणे नव्हे. शेपटाला लागून सोबत चालत राहणे, हेही रांगेचेच काम आहे.

स्वाध्याय

१) वेग दीडपट करायचा असेल तर हवेच्या रोधाविरुद्ध शक्ती किती पट लागेल?
२) महाजन बंधूंचा ताशी सरासरी वेग काढा. (अंतर ४,८०० कि.मी. धरा.)
३) पाच जणांच्या संघात पुढच्याला १०० व मागच्यांना प्रत्येकी ७० एकक शक्ती लागत असेल, तर प्रत्येकाचा सरासरी खर्च किती?
४) कमी ताकदीच्या स्वाराने कमी वेगाने नव्हे, तर कमी वेळ पुढे राहावे, असे का? चार ओळींत लिहा.
५) पालकांसाठी : घरातले कोणते काम नेहमी एकच व्यक्ती 'पुढे राहून' करते? या आठवड्यात पाळी बदलून पाहा.
६) विश्वस्तांसाठी : संस्थेत पुढच्या दहा वर्षांत कोण पुढे येणार आहे आणि आज त्याला किती वेळ पुढे राहू दिले जाते?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी आपापल्या वर्गशिक्षकांना दाखवावीत. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून देण्याची गरज नाही.

— मुख्याध्यापक