अवचितगडाच्या टाक्यांसाठी निधी मिळेल का?

प्रश्न : आम्ही वरसे (ता. रोहा) येथील तरुण. अवचितगडावरची टाकी आणि तटबंदी दुरुस्त करायची आहे. सरकारी अनुदानासाठी अर्ज कुठे करावा?

उत्तर : अर्जाआधी सातबारा काढा. जागा वनखात्याची निघाली, तर त्यांच्या परवानगीशिवाय दगडही हलवता येणार नाही. मग पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला विचारा, की गड १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित आहे का. सगळं यावरच अडतं. असेल, तर जिल्हा वार्षिक योजनेत गडकिल्ले, मंदिरे व संरक्षित स्मारकांसाठी राखलेला निधी हाच जवळचा मार्ग. प्रस्ताव अलिबागला, जिल्हा नियोजन समितीकडे. पैसा मंडळाच्या खात्यात येत नाही, काम खात्यामार्फतच होतं. अनेक मंडळं इथेच रुसतात. पैसे उभे करणारी संस्था पाठीशी असेल, तर ‘महाराष्ट्र वैभव’ संगोपन योजनाही पाहा.

अंदाजपत्रक संवर्धन वास्तुविशारदाकडूनच घ्या. त्यात ‘सिमेंट’ दिसलं, की कागद परत करा. चुन्याच्या जुन्या बांधकामात सिमेंट ओल कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. टाक्यांतला गाळही परवानगीनेच काढा, त्यात खापरं, नाणी सापडू शकतात. तोवर प्रत्येक टाक्याचं मोजमाप आणि फोटो तारखेनिशी जमवा. त्याला मात्र निधी लागत नाही.