पैसे गेले, पण पोचले का?

बँकेतली टेक्नॉलॉजीची नोकरी म्हटलं की आपल्याला काउंटर आणि पासबुक छापायचं मशीन आठवतं. पण बार्कलेज, डॉइश बँक यांची मोठी टेक्नॉलॉजी सेंटर्स आपल्या पुण्यात आहेत, आणि स्टेट बँकही आयटीसाठी स्पेशालिस्ट ऑफिसर घेते. अशा इंटरव्ह्यूची तयारी कशी करायची? सीनियर्सशी बोलून आणि थोडा अभ्यास करून मला एक गोष्ट पटली. कोड चालतो का, यापेक्षा तो मध्येच बंद पडला तर काय, हा प्रश्न तिथे मोठा असतो.

साधं उदाहरण घ्या. बाबांनी गावाहून मेसचे ३००० रुपये पाठवले. त्यांच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि तुमच्या खात्यात जमा होण्याआधीच सर्व्हर बंद पडला. आता? डीबीएमएसच्या पेपरसाठी घोकलेले 'अ‍ॅसिड'चे चार गुण इथे कामी येतात. त्यातली अ‍ॅटॉमिसिटी सांगते की वजा आणि जमा दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. त्यासाठी डेटाबेस बदलांची नोंद आधी लॉगमध्ये करतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर अर्धवट राहिलेलं काम उलटवतो.

खाती दोन वेगळ्या बँकांत असली तर गोष्ट अवघड होते, कारण डेटाबेस एक नसतो. समोरून उत्तर आलं नाही म्हणजे व्यवहार फसला, असं धरता येत नाही. पैसे जमा झाले असतील, फक्त निरोप पोचला नसेल. सरळ पुन्हा पाठवलं तर ६००० जातील! म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतात. तोच क्रमांक परत आला तर पैसे दुसऱ्यांदा जमा करायचे नाहीत. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. शिवाय दोन्हीकडच्या नोंदी नंतर ताडून पाहतात, ते रिकन्सिलिएशन.

ही काळजी फक्त पुस्तकी नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएमने पैसे कापले पण नोटा दिल्या नाहीत, तर बँकेने ते पाच दिवसांत परत करायचे. उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई.

सरावासाठी तीन प्रश्न:

१. रक्कम फ्लोटमध्ये का ठेवू नये? बायनरीत ०.१ नेमका मांडता येत नाही. डेसिमल वापरा, किंवा सगळा हिशेब पूर्ण पैशांत ठेवा.

२. खात्यात १००० रुपये आहेत. दोन ठिकाणांहून एकाच क्षणी ८०० मागितले तर? इथे लॉकिंग समजावून सांगा.

३. नवीन व्हर्जन बिघडलं तर जुनं परत कसं आणाल?

तिसरा प्रश्न सोपा समजू नका. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या सिस्टीमवर हलवली. डेटा नीट गेला, पण नवी सिस्टीम लगेच अडखळली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना स्वतःचंच खातं ऑनलाइन उघडता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला.

तेव्हा मिनी प्रोजेक्ट म्हणून बँकेचं सॉफ्टवेअर करणार असाल, तर नुसता चालणारा डेमो पुरे नाही. व्यवहार चालू असताना मशीनची वायर काढा, पुन्हा सुरू करा आणि दोन्ही खात्यांची बेरीज करा. ती आधीइतकीच आली, तर इंटरव्ह्यूमध्ये सांगण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे.