उत्तर परत येईपर्यंत

पुणे,
दि. १८ जून

चि. मधुरा हिस,


तुझं पत्र पोचलं. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झालीस, याचा फार आनंद झाला. आता तुला मास मीडियाला जायचंय आणि दादा विचारतो, ‘बोलता तर सगळ्यांनाच येतं, त्याची पदवी कशाला?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. माझी सगळी नोकरी रेडिओवर शेतीचे कार्यक्रम करण्यात गेली, तेव्हा उत्तर देणं माझ्याकडे लागतं.

बोलता सगळ्यांना येतं. बोललेलं पोचलं का, हे तपासणारे मात्र थोडे असतात. तुझं क्षेत्र म्हणजे हे तपासण्याचं काम.

पावसाळ्यात आपण दरवर्षी ऐकतो : खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. सोबत क्युसेकचा आकडा. सूचनेत चूक काहीच नसते. पण काठावरच्या वस्तीतल्या बाईला वेगळंच हवं असतं. पाणी माझ्या दारापर्यंत येईल का? किती वाजेपर्यंत? पोरं आणि कागदपत्रं घेऊन जायचं कुठे?

हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये संवाद तपासायला पाच प्रश्न दिले : कोण सांगतं, काय सांगतं, कुठल्या माध्यमातून, कोणाला, आणि परिणाम काय होतो? बहुतेक कचेऱ्या पहिल्या तीन प्रश्नांपाशीच थांबतात. त्या बाईचा जीव शेवटच्या दोनांत अडकलेला असतो.

त्याच वर्षी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅननने संदेशवहनाचं गणित मांडलं. पाठवणारा, घेणारा, मधली वाहिनी आणि त्या वाहिनीत मिसळणारा गोंगाट, असं त्याचं चित्र होतं. संकेत बिनचूक पोचावा, हा त्याचा प्रश्न. अर्थाचा विचार त्याने मुद्दाम बाजूला ठेवला. माणसामाणसांत मात्र अर्थच मुख्य, आणि तिथला गोंगाट कानाला ऐकू येत नाही. अनोळखी शब्द, भीती, सांगणाऱ्यावरचा अविश्वास, मागच्या वेळी खोटी ठरलेली सूचना, हे सगळं त्यात येतं. आवाज वाढवून तो कमी होत नाही. समोरच्याला विचारल्यावरच कळतो.

विचारल्याने काय होतं, हे आपल्याच मुलखात तपासून पाहिलेलं आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे रेडिओ केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. मंडळात वीसेक जण. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तो संपला की रेडिओ बंद करून चर्चा व्हायची, अडलेले प्रश्न केंद्राकडे जायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, ती गावंही तुलनेसाठी घेतली होती. मंडळांच्या गावांत माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. दोन्हीकडे यंत्र तेच, कार्यक्रमही तेच. फरक पडला तो चर्चेने आणि प्रश्नाला परतीची वाट मिळाल्याने. माझ्या क्षेत्रात याहून मोलाचा धडा मला सापडला नाही.

एका बाबतीत सावध राहा. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, बाकी आवाज आणि देहबोली’ असं व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गांत छातीठोकपणे सांगतात. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. तिथे प्रश्न एवढाच होता, की शब्द एक आणि सूर किंवा चेहरा दुसरंच सांगत असेल, तर बोलणाऱ्याच्या मनातली आवडनिवड ऐकणारा कशावरून ओळखतो. औषधाचा डोस किंवा धरणाची सूचना यांना तो हिशेब लागू होत नाही. ऐटीत उभं राहायला शिकवणाऱ्या वर्गाला फी भरण्याआधी हे आठव.

आता पोटापाण्याचं. वार्ताहर आणि निवेदक ही कामं तुला दिसतात, पण क्षेत्र त्याहून मोठं आहे. जाहिरातसंस्थेत कॉपी लिहिणारे असतात, तसे गिऱ्हाइकाचा अभ्यास करणारेही असतात. राज्य सरकारची जिल्हा माहिती कार्यालयं आहेत, रुग्णालयांचे आणि कंपन्यांचे जनसंपर्क विभाग आहेत. आरोग्यसंवाद हे तर स्वतंत्र काम झालं आहे. पोलिओच्या मोहिमेत उत्तर प्रदेशात लस नाकारणाऱ्या घरांत वस्तीतल्याच बायका पुन:पुन्हा गेल्या, शंका ऐकून घेतल्या. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. लस शास्त्रज्ञांनी दिली. ती घेण्याचा विश्वास या बायकांनी मिळवला.

आणखी एक वाट तुझ्यासमोर आहे, कारण तू सायन्सची आहेस. बोलण्या-ऐकण्यात अडचण असलेल्यांवर उपचार करणारे वाचा-भाषा तज्ज्ञ. पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा, उशिरा बोलू लागलेली मुलं, असे लोक त्यांच्याकडे येतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था हे शिकवते, म्हैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी, आणि काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुंबईची संस्था एकदा बघून ये.

पत्रकारितेचं म्हणशील, तर पदवी कुठल्याही विषयाची करून नंतर इथल्या रानडे इन्स्टिट्यूटला किंवा दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत जाता येतं. तिचं एक केंद्र अमरावतीलाही आहे. आधी इतिहास, अर्थशास्त्र, शेती, काहीतरी एक नीट शिकलेल्या पत्रकाराचं पारडं जड असतं, हे मी बघत आले आहे.

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एवढं कर. रेशन दुकानावरची, बँकेतली, दवाखान्यातली, अशी एकेक सूचना घे. ती ज्यांच्यासाठी लिहिली आहे त्यांना वाचून दाखव आणि विचार, ‘यावरून आता तुम्ही काय कराल?’ मध्ये बोलू नकोस, दुरुस्त करू नकोस. ऐकलेलं वहीत टिपून घे, मग तीच सूचना नव्याने लिहून पुन्हा त्याच माणसांकडे जा. यात तुला गोडी वाटली, तर या क्षेत्रात डोळे मिटून ये. दादाची समजूत मी घालते. कंटाळा आला, तर नुसती माइकची हौस आहे असं समज आणि ती हौस कॉलेजच्या स्नेहसंमेलनात भागव.

वही घेऊन दिवाळीत ये. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या