घरातलं फायलींचं कपाट : आधी वॅट बघा, मग वेग



२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनीच मोबाईलवर पाठांचे व्हिडिओ बनवले. पुढे १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. आता फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून १५ जीबी. मग आपण काय केलं? एक पोर्टेबल डिस्क घेतली आणि सगळं तिच्यात कोंबलं. मीही तेच केलं. एका मे महिन्यात डेस्कटॉपवरून कॉपी चालू असताना लाईट गेली, आली, परत गेली. त्यानंतर डिस्क उघडलीच नाही. पाठ पुन्हा बनवता आले, पण आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या त्यातच होत्या.

म्हणून घरचा फाईल सर्व्हर. नाव मोठं आहे, वस्तू साधी आहे. राऊटरला जोडलेला, कायम चालू असणारा एक छोटा संगणक आणि त्याला लावलेली डिस्क. घरातले सगळे मोबाईल-लॅपटॉप वाय-फायवरून त्यात फायली ठेवतात. इंटरनेटचा डेटा लागत नाही, महिन्याचं भाडंही नाही.

आता निवड. दुकानदार वेग आणि टीबी सांगेल. तुम्ही वॅट विचारा, कारण हे यंत्र दिवसाचे २४ तास चालणार. गणित सातवी-आठवीच्या वर्गातही घेता येईल : वॅट गुणिले तास भागिले १००० म्हणजे युनिट. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे १ वॅटचं यंत्र वर्षभर चाललं की पावणेनऊ युनिट होतात. एवढा एकच आकडा लक्षात ठेवा.

जुना डेस्कटॉप नुसता चालू राहिला आणि ८० वॅट खात असला तर वर्षाला ७०० युनिट. ८ रुपये दर धरला तरी ५,६०० रुपये! शिवाय महिन्याला ५८ युनिट वाढले की महावितरणचा १०० युनिटांचा पहिला टप्पा ओलांडला जाऊ शकतो आणि पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. फुकटचा डेस्कटॉप असा महागात पडतो.

रास्पबेरी पाय ४ हे तळहाताएवढं यंत्र लहान डिस्कसह साधारण ६ वॅटमध्ये चालतं. वर्षाला ५३ युनिट. पण त्याला स्वतःची बॅटरी नसते आणि सगळी प्रणाली बहुधा एका मेमरी कार्डवर असते. वारंवार लाईट जाणाऱ्या गावात ते कार्ड दगा देऊ शकतं. घ्यायचंच असेल तर छोट्या यूपीएससकट घ्या.

माझं मत विचाराल तर कपाटात पडलेला जुना लॅपटॉप काढा. पडदा बंद असताना तो साधारण १२ वॅट घेतो, म्हणजे वर्षाला १०५ युनिट. पायपेक्षा ५२ जास्त, दरवर्षी सव्वाचारशे रुपये. नवा पाय, अडॅप्टर, कार्ड यांना पाच हजार धरले तर ते वसूल व्हायला बारा वर्षं लागतील. आणि लॅपटॉपच्या पोटात बॅटरी आहे! तोच त्याचा यूपीएस. बॅटरी अर्धा तास टिकली तरी काम भागतं. मात्र ती फुगलेली असेल तर तो लॅपटॉप अजिबात वापरू नका.

एक बारकावा सहज निसटतो. डिस्क अडीच इंची घ्या. ती यूएसबीवरच चालते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी तिलाही सांभाळते. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. लाईट गेली की ती तिथेच बंद पडते, मग बॅटरी असून उपयोग काय? डिस्क एक्स्ट-४ पद्धतीने फॉरमॅट करा. त्यात बदलांची नोंदवही असते, त्यामुळे अर्धवट राहिलेलं काम सावरण्याची शक्यता जास्त. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं बघा.

वर ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली टाका. तीही लॅपटॉपमधलं जुनं सगळं पुसते, आधी काढून घ्या. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करायला विसरू नका. तिच्यात फायली वाटून देणारं सांबा आणि डिस्कची नक्कल करणारं आरसिंक, दोन्ही असतात. गंमत म्हणजे दोन्हींमागे ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल आहेत. पासवर्ड ठेवा, आणि मुलांचे फोटो असल्यामुळे हा सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका.

उन्हाळ्याचंही बघा. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडते. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद कपाटात नको. खालच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला, मोकळं ठेवा.

वाचलेल्या पैशांची दुसरी डिस्क घ्या. दोन्ही डिस्क आरशासारख्या जोडायचा सल्ला काहीजण देतील. पण त्यात चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. त्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या रविवारी नक्कल काढून डिस्क बाजूला करा. वळवाच्या पावसात वीज कडाडली तर भिंतीतल्या सॉकेटला जोडलेलं सगळं एकदम जाऊ शकतं. सुटी ठेवलेली डिस्क वाचते. माझी दुसरी डिस्क नांदेडला बहिणीकडे असते. मुदखेडहून रेल्वेने जाता-येता पिशवीत नेतो. डिस्कवर कागद चिकटवून शेवटच्या नकलेची तारीख पेन्सिलने लिहितो, म्हणजे विसरलो तर बहीणच फोन करून विचारते, "दादा, या महिन्याची राहिली का रे?"