विकासकामांची छायाचित्रे आणि वाइड अँगल भिंग

ग्रामपंचायतीच्या दप्तरातील पुष्कळ छायाचित्रांत अर्धी चौकट आकाशाने व्यापलेली असते आणि बंधारा एखाद्या रेघेसारखा दिसतो. सारे काही मावावे म्हणून वाइड अँगल भिंग लावून छायाचित्रकार मागे सरकतो, हे त्याचे कारण होय. वस्तुतः हे भिंग पुढे जाण्यासाठी आहे.

३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग कर्णरेषेवर सुमारे ४७ अंशांचा कोन टिपते, तर २४ मिलिमीटरचे ८४ अंशांचा. त्यामुळे बंधाऱ्याच्या टोकापासून दोन-तीन पावलांवर उभे राहूनही संपूर्ण भिंत चौकटीत येते. दगडी बांधकाम अग्रभागी ठसठशीत दिसते आणि भिंतीची रेषा दृष्टीला पाण्यापर्यंत नेते. क्षितिज चौकटीच्या वरच्या तृतीयांशावर ठेवावे. रिकामे आकाश आपोआप कमी होते.

मात्र हाच गुण पुराव्याच्या चित्रात दोष ठरतो. अगदी जवळून घेतल्यास हातभर उंचीचा बांधही भव्य भासतो! म्हणून मोजकाठी बांधाला टेकवूनच उभी करावी. ती पुढे-मागे ठेवल्यास माप फसवे दिसते. कामापूर्वीचे व नंतरचे चित्र एकाच जागेवरून, एकाच भिंगाने घ्यावे. त्या जागी दगड पुरून खूण ठेवणे इष्ट.

कॅमेरा वर कलल्यास शाळेची इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. ग्रामसभेच्या चित्रात कडेचे चेहरे ताणले जातात, आणि कडेला बहुधा महिला सदस्यच बसलेल्या असतात. मोबाइलमधील ०.५ अशा खुणेचे भिंग तर याहूनही रुंद असते. सभेसाठी ते टाळावे.